वादळ ओसरल्यानंतरचे दहा दिवस : हवामान अंदाज कसा वाचायचा आणि कामं कोणत्या क्रमाने काढायची

ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात चक्रीवादळ उठलं की चार-पाच दिवस सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे असतं. मग बातमी येते, 'वादळाचा धोका टळला'. त्याच संध्याकाळी सोयाबीनच्या कापणीला मजूर सांगितले जातात, होडी पाण्यात लोटली जाते, हरभऱ्याचं बियाणं घराबाहेर निघतं. आणि मग नुकसान होतं.

वादळात वारा, पाऊस, लाटा आणि नदीचं पाणी या चार गोष्टी एकत्र येतात, पण निवळतात मात्र वेगवेगळ्या दिवशी. वारा सगळ्यात आधी पडतो, आणि 'धोका टळला' ही बातमी बहुतेकदा तेवढ्या वाऱ्याचीच असते. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये या चौघांची चौकशी स्वतंत्रपणे केली आहे. शेतातल्या कामांची पाळी त्यानंतर येते.

## आधीची तयारी

हे काम वादळ येण्याआधीच, एखाद्या निवांत दिवशी उरकून ठेवा.

आपलं ठिकाण हवामान खात्याच्या भाषेत ओळखा. महाराष्ट्रात कोकण (गोव्यासह), मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असे चार हवामान उपविभाग आहेत. पहिल्या तिन्हींचे इशारे मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून येतात, विदर्भाचे नागपूरहून. सोलापूर, नाशिक, कोल्हापूर, जळगाव हे सगळे 'मध्य महाराष्ट्रात' मोडतात. सोलापूरची माणसं मराठवाड्याचा अंदाज वाचून गाफील राहतात ती यामुळेच. आपलं महसूल मंडळही माहीत हवं, कारण पावसाची सरकारी नोंद मंडळनिहाय होते आणि पुढे मदतीचा प्रश्न आला की तोच आकडा धरला जातो.

मोबाइलवर चार गोष्टी ठेवा. जिल्ह्याच्या इशाऱ्यासाठी 'मौसम', शेतीसल्ल्यासाठी 'मेघदूत', विजांसाठी 'दामिनी' आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या सूचनांसाठी 'सचेत'. मंडळाचा पाऊस कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर दिसतो.

पाऊस स्वतः मोजा. पर्जन्यमापक नसेल तर सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाण्याची उंची मोजा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. या हिशेबाने ६५ मिमी पावसात एका एकरावर सुमारे २ लाख ६३ हजार लिटर पाणी पडतं. हा आकडा डोळ्यांपुढे असला की शेतातून पाणी काढायला किती चर लागतील याचा विचार आपोआप सुरू होतो.

वेळेचे दोन नियम पाठ करा. हवामान खात्याचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी ८.३० असा असतो. २८ तारखेच्या संध्याकाळी पडलेला पाऊस २९ तारखेच्या नोंदीत दिसतो. 'आमच्याकडे ढगफुटी झाली आणि सरकारी आकडा शून्य' अशा तक्रारींपैकी बऱ्याच या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात. दुसरा नियम, उपग्रह आणि रडारच्या चित्रांवर 'यूटीसी' (जागतिक प्रमाणवेळ) अशी वेळ असेल तर त्यात साडेपाच तास मिळवा. १२ यूटीसी म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच.

> इशारा : तारीख आणि वेळ नसलेलं कोणतंही फिरतं चित्र वाचू नका, पुढे पाठवू तर अजिबात नका. जुन्या वादळांचे नकाशे दर ऑक्टोबरात नव्याने फिरतात.

## पायरी १ : वादळ मेलं की नुसतं अशक्त झालं, ते पाहा

पहिल्यांदा उघडायचं ते हवामान खात्याचं चक्रीवादळावरचं शेवटचं पत्रक. त्यात तीन गोष्टी शोधायच्या : वादळाचा अवशेष आत्ता कुठे आहे, कोणत्या दिशेला चाललाय आणि कोणत्या पातळीवर आहे.

पातळ्या वाऱ्याच्या वेगावर ठरतात. वारा ताशी ६२ किमीच्या पुढे गेला की चक्रीवादळ, त्याखाली सुमारे ५० पर्यंत डीप डिप्रेशन, त्याखाली ३१ पर्यंत डिप्रेशन आणि त्याच्याही खाली कमी दाबाचं क्षेत्र. या उतरंडीत पावसाचा कुठेच उल्लेख नाही. वादळ चक्रीवादळावरून कमी दाबाच्या क्षेत्रावर उतरलं तरी त्याने ओढून आणलेलं बाष्प तसंच असतं. उलट जमिनीवर आल्यावर त्याची चाल मंदावली तर एकाच भागात जास्त वेळ पाऊस पडत राहतो.

२०२१ चं 'गुलाब' याचं चांगलं उदाहरण आहे. २६ सप्टेंबरच्या संध्याकाळी ते आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं आणि पुढे अशक्त होत तेलंगणातून पश्चिमेकडे सरकलं. नाव बातम्यांतून मागे पडत असताना २७ आणि २८ तारखेला मराठवाड्यात जोरदार पाऊस झाला, नद्यांना पूर आले. तोच अवशेष गुजरातकडून अरबी समुद्रात उतरला, तिथे पुन्हा जोर धरून 'शाहीन' झाला आणि ३ ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर धडकला. एवढा प्रवास डोळ्यांदेखत झालेला असताना 'आंध्रचं वादळ, आपल्याला काय' असं म्हणण्यात अर्थ नाही. बंगालच्या उपसागरातलं वादळ आंध्र-तेलंगणातून पश्चिमेला निघालं की साधारणपणे आधी विदर्भ किंवा मराठवाडा, मग मध्य महाराष्ट्र आणि उत्तर कोकण अशी पाळी लागते. मधलं अंतर एक ते तीन दिवसांचं.

अरबी समुद्रातल्या वादळाची तऱ्हा वेगळी. ते मागे फिरू शकतं. २०१९ मध्ये 'महा' वादळ लक्षद्वीपकडून वायव्येला समुद्रात दूर गेलं आणि मग वळून गुजरातच्या दिशेने आलं. किनाऱ्यावर पोचण्याआधी ते ढेपाळलं, पण 'दूर गेलं' म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवणाऱ्यांचा अंदाज चुकलाच.

हवामान खातं वादळ किनाऱ्यावर येण्याच्या किमान १२ तास आधी एक वेगळं पत्रक काढतं. जमिनीवर आल्यानंतर वादळ कुठे जाईल आणि आतल्या जिल्ह्यांत काय होईल, हे त्यात असतं. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांनी खरं तर हेच वाचायला हवं, आणि सगळ्यात कमी वाचलं जातं तेही हेच.

नेहमीची चूक : नकाशावरचा शंकूसारखा पट्टा म्हणजे पावसाचा प्रदेश, असं समजणं. वादळाचं केंद्र कुठून कुठे जाऊ शकतं, तेवढंच तो पट्टा दाखवतो. पाऊस त्याच्या बाहेर शेकडो किलोमीटरवरही पडतो.

तपासणी : लागोपाठच्या दोन पत्रकांत अवशेषाची दिशा तीच आहे का? असेल तर पुढच्या पायरीवर जा. बदलली असेल तर कोणताही निर्णय घेण्याआधी तिसऱ्या पत्रकाची वाट पाहा. चक्रीवादळ असताना ती दर तीन तासांनी येतात, त्यामुळे थांबण्यात फारसं काही जात नाही.

## पायरी २ : जिल्ह्याचा पावसाचा इशारा, नीट

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा रेंगाळू.

इशाऱ्याच्या वाक्यात दोन वेगळी मापं असतात. पहिलं माप पाऊस किती, दुसरं किती ठिकाणी. लोक पहिलं वाचतात आणि दुसरं सोडून देतात.

पाऊस किती, याचं २४ तासांचं माप असं :

- हलका : २.५ ते १५.५ मिमी
- मध्यम : १५.६ ते ६४.४ मिमी
- जोरदार : ६४.५ ते ११५.५ मिमी
- अति जोरदार : ११५.६ ते २०४.४ मिमी
- अत्यंत जोरदार : २०४.५ मिमी आणि त्यापुढे

किती ठिकाणी, याचा हिशेब पर्जन्यमापन केंद्रांच्या टक्केवारीवर चालतो. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पाऊण हिश्शापर्यंत, 'बहुतेक ठिकाणी' म्हणजे त्याच्याही पुढे.

आता हे वाक्य घ्या : 'बऱ्याच ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस, तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस.' याचा अर्थ, जिल्ह्याच्या मोठ्या भागात कापलेलं पीक भिजेल आणि एखाद-दुसऱ्या मंडळात शेत पाण्याखाली जाईल. ते मंडळ कोणतं, हे आदल्या दिवशी कोणीही सांगू शकत नाही. शेजारच्या गावात ९० मिमी आणि तुमच्याकडे १० मिमी पडला तर अंदाज बरोबर आला, असाच त्याचा हिशेब होतो.

रंगांचं काय? हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग परिणामाचा अंदाज धरून दिला जातो, केवळ मिलिमीटर पाहून नाही. जमीन आधीच तुडुंब भरलेली असेल तर एरवी पिवळ्यात बसणारा पाऊस केशरीत जाऊ शकतो.

> इशारा : हिरवा रंग म्हणजे कोरडा दिवस नव्हे. जोरदार पावसाचा इशारा ६४.५ मिमीपासून सुरू होतो. रंग हिरवा असताना ३०-४० मिमी पडून गेला तरी तो 'मध्यम' पाऊसच ठरतो. शहरात तेवढ्याने छत्री भिजते, रानात पसरलेल्या सोयाबीनला मात्र कोंब फुटतात. कापणीचा निर्णय रंगावर घेऊ नका, त्या रंगाखालचं वाक्य वाचून घ्या.

जिल्हानिहाय इशारा पाच दिवसांचा असतो आणि रोज बदलतो. पहिल्या दोन दिवसांवर भिस्त ठेवा. तिसऱ्यावर मजूर सांगून ठेवायला हरकत नाही, पण पैसे गुंतवू नका. चौथा-पाचवा दिवस फक्त कल कळण्यापुरता.

तपासणी : सकाळी साडेआठला मोजलेला तुमचा पाऊस आदल्या दिवशीच्या इशाऱ्याशेजारी वहीत लिहा. दोन हंगाम हे केलंत तर तुमच्या गावाला 'तुरळक ठिकाणी' किती वेळा लागू पडतं, हे तुम्हाला चांगलं उमजेल. डोंगराच्या पायथ्याची गावं आणि पर्जन्यछायेतली गावं यांत मोठा फरक निघतो.

## पायरी ३ : निरभ्र सकाळ आणि दुपारच्या विजा

वादळ निघून गेल्यावर एक-दोन दिवसांत लख्ख सकाळ उजाडते आणि माणसं फसतात. जमीन ओली, हवेत बाष्प शिल्लक आणि वर ऑक्टोबरचं ऊन. अकरापर्यंत आकाश निळं, दुपारी दोननंतर ढगांचे मनोरे, तीन ते सातच्या दरम्यान गडगडाट. हे ढग वादळाचे नसतात, त्याने मागे ठेवलेल्या ओलाव्यातून तयार होतात. मुख्य वादळाच्या बातम्या बंद झालेल्या असल्याने त्यांची वाट कोणी पाहत नसतं.

दुपारी बारानंतर हे करा :

१. जिल्ह्याचा तीन तासांचा तत्काळ इशारा पाहा. तो दिवसभर बदलत राहतो, सकाळचा दुपारी चालत नाही.

२. रडारची दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराची दोन चित्रं शेजारी ठेवा. ढग कुठून कुठे सरकतोय, हे एका चित्रावरून कळत नाही.

३. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तिनाने भागा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर रान सोडून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

बाजू उघड्या असलेली पत्र्याची शेड सुरक्षित नाही. झाडाखालचा आडोसा तर सगळ्यात वाईट. बैल झाडाला बांधलेले असतील तर ढग दूर असतानाच सोडवून आणा. वीज कडाडायला लागल्यावर दावं सोडायला धावणाऱ्यांचे बळी दरवर्षी जातात.

## पायरी ४ : नदीचं पाणी उशिरा येतं

आभाळ स्वच्छ आहे म्हणून नदीकाठची मोटार बसवायला उतरणं ही वादळानंतरची घातक सवय.

जुलैत मोठा पाऊस झाला तर धरणं तो पोटात घेतात, कारण ती रिकामी असतात. सप्टेंबरअखेर ती काठोकाठ असतात. भरलेल्या रांजणात आणखी घागर ओतावी तसं येईल तेवढं पाणी सांडतं. म्हणून ऑक्टोबरातला १०० मिमी पाऊस नदीकाठाला ऑगस्टमधल्या १०० मिमीपेक्षा जास्त त्रास देतो.

तुमच्या गावाच्या वर कोणकोणती धरणं आहेत, ती साखळी कागदावर काढा. गोदावरीकाठी ती अशी दिसते : गंगापूर आणि दारणा, मग नांदूर मधमेश्वर, मग जायकवाडी, मग नांदेडचं विष्णुपुरी. पंढरपूरकरांसाठी पुणे जिल्ह्यातली धरणं, मग उजनी, मग भीमा. नाशिकला पडलेल्या पावसाचं पाणी नांदेडला पोचेपर्यंत नांदेडच्या आकाशात ढगही उरलेला नसतो.

विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. आकडा ऐकून घाबरायचं की निवांत राहायचं, हे मात्र तुमच्या वहीतल्या जुन्या नोंदीवर ठरवा : मागच्या वेळी अमुक विसर्गाला पाणी कुठल्या पायरीला, कुठल्या झाडाला, कोणाच्या विहिरीला लागलं होतं? गावातल्या म्हाताऱ्या माणसांना हे तोंडपाठ असतं. त्यांना विचारा आणि लिहून ठेवा.

तपासणी : वरच्या धरणाचा विसर्ग वाढतोय की कमी होतोय, आणि तिथून तुमच्याकडे पाणी यायला किती तास लागतात? दोन्ही उत्तरं हाती असल्याशिवाय नदीपात्रात जनावरं, माणसं, पंप काहीच उतरवू नका. विसर्ग रात्रीही वाढवला जातो.

## पायरी ५ : समुद्र (कोकणवाल्यांसाठी)

घाटावरच्या वाचकांनी ही पायरी सोडली तरी चालेल.

वाऱ्याचा इशारा मागे घेतला गेला तरी लाटांचा कायम असू शकतो. दूरच्या वादळाने उठवलेली लांब पल्ल्याची लाट शेकडो किलोमीटर चालत येते आणि वारा पडलेल्या, गुळगुळीत दिसणाऱ्या समुद्रातून किनाऱ्यावर आदळते. २०१९ च्या ऑक्टोबरात 'क्यार' रत्नागिरीपासून सुमारे २०० किमी दूर होतं आणि भारताच्या किनाऱ्यावर कधी आलंच नाही. तरी सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर पाणी आत घुसलं. दिवाळीची अमावास्या तोंडावर होती, म्हणजे उधाणही होतं. लाट आणि उधाण एकत्र आले की नुसत्या वाऱ्याचा अंदाज पाहून काही कळत नाही.

क्रम असा ठेवा. आधी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा पाच दिवसांचा इशारा. मग हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेचा उंच लाटांचा इशारा. मग पंचांग, अमावास्या-पौर्णिमेला किती दिवस आहेत ते पाहायला. मग बंदरावरचा बावटा. चारही अनुकूल असतील तरच होडी काढा. वाऱ्याचा वेग नॉटमध्ये दिला असेल तर त्याला १.८५ ने गुणा, ताशी किलोमीटर मिळतात.

खोल समुद्रात लांब लाट फारशी जाणवत नाही. होड्या उलटतात त्या परतताना, खाडीच्या मुखाशी, जिथे पाणी उथळ होतं आणि लाट उभी राहते. ओहोटीचं पाणी बाहेर पडत असताना मुखातून आत शिरू नका. भरती लागेपर्यंत बाहेर थांबा.

> इशारा : मासेमारीला निघालेल्या होड्यांना उशिरा कळलेला इशारा काय करू शकतो, हे नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' चक्रीवादळाने दाखवलं. बाहेर पडण्याआधी पाचही दिवसांचा इशारा वाचा. आजचा दिवस चांगला आहे म्हणून तीन दिवसांच्या फेरीला निघणं, ही चूक अजूनही होते.

## पायरी ६ : आवराआवर करण्याआधी नोंद

ही पायरी लोक सातवीनंतर करतात आणि पस्तावतात. आडवं पडलेलं पीक काढून टाकलं, साचलेलं पाणी सोडलं, मग पंचनाम्याला माणूस आला तर त्याला दाखवणार काय?

पाणी शेतात असतानाच फोटो काढा, बांधाची खूण आणि आजूबाजूची ओळखू येणारी जागा चौकटीत घेऊन. ठिकाण आणि वेळ उमटणारा कॅमेरा वापरा. गट क्रमांक लिहिलेला कागद एका फोटोत धरा. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि कृषी सहायक यांना त्याच दिवशी कळवा आणि कळवल्याचा पुरावा जपा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस हा अतिवृष्टीचा निकष आहे. तो आकडा शोधताना तयारीतला साडेआठचा नियम आठवा, पाऊस पडला त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख पाहा. पीकविम्याच्या अटी हंगामागणिक बदलत आल्या आहेत, त्यामुळे गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नका, चालू हंगामाचं परिपत्रक वाचा.

## पायरी ७ : शेतातली कामं

इथवर आलात म्हणजे पाऊस, वीज आणि नदी तिघांचाही कौल तुमच्याकडे आहे. आता उतरा.

सगळ्यात आधी पाणी काढा. चर खणा, बांध फोडा. पिकाच्या मुळांना हवा मिळणं हे कोणत्याही फवारणीच्या आधीचं काम. चिखलात अनवाणी उतरू नका आणि पायाला जखम असेल तर उतरूच नका. कोकणात भातकापणीच्या दिवसांत लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) धोका असतो.

सोयाबीन. उभं पीक पक्व असेल तर सलग दोन कोरडे दिवस मिळतील तेवढंच कापा, सगळं रान एकदम आडवं करू नका. कापलेलं आणि भिजलेलं पीक थेट ताडपत्रीखाली दाबून ठेवणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. आत ऊब धरते, बुरशी येते, शेंगेतच कोंब निघतात. पावसापुरती ताडपत्री घाला, पाऊस थांबला की काढा, पसरा, उलथा. सुडी लावायची तर उंचवट्यावर आणि खालून हवा खेळेल अशी. ओल्या पिकाची मळणी केली तर दाणा चिरडतो. बाजारात आणि सरकारी खरेदीत १२ टक्के ओलाव्याची अट आडवी येते, म्हणून दाणा दाताखाली कटकन तुटेपर्यंत वाळवा. बियाण्यासाठी ठेवायचं सोयाबीन भिजलेल्या ढिगातून घेऊ नका, कितीही चांगलं दिसलं तरी.

भात. आडवं पडलेलं भात आधी कापायला घ्या. पेंढ्या ओल्या खाचरात न ठेवता बांधावर किंवा कातळावर वाळवा, मगच उडवी रचा.

कापूस. फुटलेली बोंडं दव सुकल्यावर वेचा. भिजलेला कापूस वेगळ्या गाठोड्यात ठेवा. चांगल्यात मिसळला की सगळ्याचाच भाव पडतो.

द्राक्ष. नाशिक-सांगलीच्या बागाईतदारांना हे सांगायला नको, पण क्रम इथेही चुकतो. छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर आणि फुलोऱ्यात वादळी पाऊस सापडला की डाऊनी हा बुरशीचा रोग पाठोपाठ येतो. पाऊस थांबला की आधी घडातलं आणि पानावरचं पाणी झटका, बागेत वारा खेळू द्या, मग पान कोरडं झाल्यावर फवारा. ओल्या पानावर मारलेलं औषध पातळ होऊन जमिनीवर जातं. फवारणीनंतर किती तास पाऊस नको, ते औषधाच्या वेष्टनावर असतं. पायरी ३ मधला तीन तासांचा इशारा तेव्हा उपयोगी पडतो. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा साप्ताहिक हवामान-सल्ला याच कामासाठी निघतो.

रब्बीची पेरणी. घाई करून कामं बिघडतात ती इथेच. वाफसा (मातीतली ओल मशागतीजोगी होणं) आल्याशिवाय औत घालू नका, ट्रॅक्टर तर नाहीच. चार-पाच इंच खालची माती मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा आहे, चपटा झाला तर थांबा. काळ्या भारी जमिनीत एका मोठ्या पावसानंतर आठवडाही लागतो. ओल्या मातीत ट्रॅक्टर फिरवून घट्ट झालेला थर पुढे हंगामभर मुळांना अडवतो. शेजाऱ्याने पेरलं म्हणून पेरू नका, त्याची जमीन मुरमाड असेल.

मंगळवारी आणि शुक्रवारी परभणी, राहुरी, अकोला आणि दापोली या कृषी विद्यापीठांकडून हवामानावर आधारित शेतीसल्ला येतो. मंगळवारचा सल्ला वाचून गुरुवारी काम करणार असाल तर मधल्या दोन दिवसांचा जिल्हा इशारा पुन्हा पाहा.

## पायरी ८ : पुढच्या दोन आठवड्यांचा कल

हवामान खातं दर गुरुवारी विस्तारित अंदाज देतं. त्यात आठवडानिहाय पाऊस सरासरीच्या वर की खाली आणि तापमानाचा कल असतो. तो वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. नोव्हेंबरात मराठवाडा-विदर्भाची आठवड्याची सरासरीच मुळात थोडी असते. 'सरासरीपेक्षा जास्त' म्हणजे कधी कधी एकच सर. त्यामुळे या नकाशाचा रंग पाहून पेरणी लांबणीवर टाकू नका. उपसागरात किंवा अरबी समुद्रात नवं क्षेत्र तयार होण्याची शक्यता लिहिली आहे का, तेवढं मात्र जरूर पाहा.

मोबाइलवरच्या पंधरा दिवसांच्या अंदाजातले ढगांचे आणि थेंबांचे चित्रविचित्र शिक्के सातव्या दिवसानंतर मनावर घेऊ नका. वेगवेगळी मॉडेलं (अंदाजाची संगणकी गणितं) दाखवणारं ॲप वापरत असाल तर हव्या त्या उत्तराचं मॉडेल निवडायचा मोह टाळा. एकाच मॉडेलच्या लागोपाठ दोन आवृत्त्या आणि दोन वेगळी मॉडेलं, असे चार नकाशे जुळले तर कल खरा धरा.

तापमानाचं वेळापत्रकही वेगळं असतं. ढग आहेत तोवर रात्री उबदार राहतात, वादळानंतर लगेच थंडी पडेल ही अपेक्षा म्हणून फसते. आकाश मोकळं झालं आणि जमीन ओली असली की पहाटे दव, धुकं आणि घाटात दृश्यमानता शून्यावर. भाजीपाल्यावर, कांद्याच्या रोपांवर करपा वाढतो तो याच दिवसांत, पाऊस पडत नसताना. मुंबई आणि किनारपट्टीवर पूर्वेचा कोरडा वारा सुरू होऊन समुद्रावरचा वारा उशिरा यायला लागला की दुपारचा पारा चढतो. ही ऑक्टोबर हीट एकदा पडून गेली, म्हणजे पाऊस संपला असं गृहीत धरू नका. २०१७ मध्ये 'ओखी'च्या पावसाने मुंबईत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

शेवटची तपासणी : सलग तीन दिवस दुपारचे ढग नाहीत, वरच्या धरणांचा विसर्ग बंद किंवा स्थिर आहे, लाटांचा इशारा मागे घेतला आहे आणि गुरुवारच्या अंदाजात नव्या क्षेत्राचा उल्लेख नाही. चारही असतील तर वहीत त्या वादळाखाली रेघ मारा. नव्या क्षेत्राचा उल्लेख असेल तर कापणी उरकलेला माल आधी छपराखाली घ्या आणि पायरी १ पासून पुन्हा सुरुवात करा. २०१९ मध्ये 'क्यार' समुद्रात असतानाच 'महा' तयार झालं होतं.